गावाकडून नागपूरला, मैत्रिणींसोबत हॉटेलात जेवायला: घरून निघण्यापासून परत येईपर्यंत

कापसाचा पहिला वेचा घरात आला, सोयाबीनचे पैसे हाती पडले, की आमच्या सहा जणींचं नागपूरला जेवायला जाणं ठरतं. आम्ही सगळ्या वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातल्या एकाच गावच्या. एक अंगणवाडीत आहे, एकीची पिठाची चक्की आहे, बाकीच्या शेतात. वर्षभर दुसऱ्यांच्या ताटात वाढणाऱ्या बायांना एक दिवस कोणीतरी वाढावं, एवढाच त्यातला हेतू.

पहिल्या वर्षी गेलो तेव्हाचं अजून आठवतं. काचेचं दार, थंडगार हवा, इंग्रजी मेनूकार्ड आणि टेबलाशी वही-पेन घेऊन उभा असलेला वेटर. "थे काय असते?" हे एकीनं मला कानात विचारलं, कारण मोठ्यानं विचारायची कोणाची छाती झाली नाही. प्रत्येकीनं एकेका नावावर बोट ठेवलं. सहा भाज्या आल्या. त्यातल्या चारांना एकच लाल, गोडसर रस्सा होता. निम्मं अन्न उरलं. बिलात एक रक्कम अशी होती की ती कशाची ते कोणालाच कळलं नाही, आणि तीही आम्ही भरली. परतीच्या एसटीत सगळ्या गप्प. जेवण वाईट नव्हतं. पण किलोमागे मजुरीनं कापूस वेचून जमवलेला पैसा न विचारता गेला, हे टोचत होतं.

त्यानंतर मी एक वही केली. दर वर्षी काय मागवलं, किती लागलं, कुठं चुकलं ते त्यात लिहिते. खाली जे आहे ते त्या वहीतूनच आलं आहे.

आधी दिवस ठरवा

हे सोपं वाटतं, पण आमच्यात सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. एकीचा सोमवार, एकीचा गुरुवार, दोघींचा शनिवार, शिवाय चतुर्थी आणि एकादशी. कापसाच्या दिवसांतच मार्गशीर्ष येतो आणि त्यातले गुरुवार तर घराघरात महालक्ष्मीचे. म्हणून पंचांग घेऊन बसा आणि प्रत्येकीला विचारा. आमचा हिशेब शेवटी बुधवार किंवा शुक्रवारवर येऊन थांबतो. रविवार टाळा. शहरातली घरं त्याच दिवशी बाहेर पडतात आणि नावाजलेल्या ठिकाणी तासभर दाराशी उभं राहावं लागतं. एसटीनं परतायचं असलं तर तो तास महाग पडतो.

नागपूरचे काही दिवस लक्षात ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत निघते. त्या दिवशी इतवारी-महाल भागात पाय ठेवायला जागा नसते. मारबत पाहायला जायचं असेल तर जरूर जा, पण जेवणाचा बेत त्या भागात करू नका. दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात, बसेस आणि रस्ते भरलेले असतात. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की रात्रीची चांगली हॉटेलं गजबजतात. दुपारी मात्र फारसा फरक पडत नाही. मे महिन्यात जाऊच नका. पारा ४५ अंशांच्या वर जातो, अन् उन्हातून आलेल्या पोटाला मसालेदार जेवण सोसत नाही.

वेळ दुपारचीच ठेवा. साडेबाराला टेबलावर बसलेलं असावं. बरीच हॉटेलं साडेतीनच्या सुमारास स्वयंपाकघर बंद करतात आणि सातला पुन्हा उघडतात, म्हणून "बाजार करू, मग निवांत जेवू" हा बेत फसतो. आधी जेवण, मग बर्डीवरची, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातली, खरेदी.

पैशाचं बोलणं गावातच उरकून घ्या

हा भाग मी लांब लिहिणार आहे, कारण मैत्रिणींमधली बहुतेक कुरबूर इथूनच सुरू होते.

आम्ही पोळ्यानंतर दर आठवड्याला प्रत्येकी पन्नास रुपये काढतो. दहा आठवड्यांत पाचशे होतात. जेवण, चहा आणि शहरातलं फिरणं त्यात बसतं. एसटीचं तिकीट ज्याचं त्यानं. हा पैसा एका डब्यात, एका वहीत. एक पथ्य पाळा: बचत गटाच्या पैशात हा पैसा मिसळू नका, गटाच्या खात्यातून तात्पुरतेही उचलू नका. गटाचा हिशेब हा सगळ्यांच्या कर्जाचा, सगळ्यांची पत राखण्याचा प्रश्न असतो.

आता अवघड गोष्ट. सहांपैकी एखादीचं वर्ष वाईट जातं. कधी सोयाबीन काढणीच्या वेळी पावसात सापडतं, कधी कपाशीवर बोंडअळी येते, कधी घरात दवाखाना निघतो. ती मैत्रीण सरळ "माझ्याजवळ पैसे नाहीत" असं म्हणत नाही. ती म्हणते, "मले तं काही जमत नाही वं यंदा, तुम्ही जा." हे वाक्य ऐकलं की थांबा. तिच्या घरी जाऊन, कोणी नसताना, विचारा. आमच्यात ठरलेलं आहे की अशा वर्षी तिचा वाटा बाकीच्या पाच जणी वाटून घेतात आणि तो डब्यात तिच्याच नावानं पडतो. वहीत वेगळी खूण होत नाही, टेबलावर त्याचा उल्लेख होत नाही. आणि त्या वर्षी आपण हॉटेलही त्याच हिशेबानं निवडतो: ठरलेल्या दराची थाळी मिळेल असं. थाळी असली की कोणी काय मागवलं, कोणाचं महाग पडलं, हा प्रश्नच उरत नाही.

शहरातली पोरं ज्याला टीटीएमएम म्हणतात, म्हणजे तुझं तू माझं मी, ते कॉलेजच्या कट्ट्यावर ठीक आहे. एका ताटातून भाजी काढून खाणाऱ्या बायांमध्ये ते चालत नाही. समान काँट्री काढा. फक्त जी शाकाहारी आहे तिच्यावर मटणाचा भार टाकू नका. सामिष आणि निरामिष दोन्ही मागवायचं असेल तर दोन वेगळी बिलं करायला सुरुवातीलाच सांगा. शेवटी सांगितलं तर काउंटरवर गोंधळ होतो.

कुठं जायचं

"चांगलं हॉटेल कोणतं?" असा प्रश्न विचारू नका. "आपल्याला आज काय खायचं आहे?" असा विचारा. नागपूरच्या जेवणाच्या जागा माझ्या हिशेबात चार प्रकारच्या आहेत.

पहिली, सावजी भोजनालयं. ही विणकर हलबा-कोष्टी समाजाच्या घरातून आलेली चव. रस्सा काळपट, तेलाचा कट वर तरंगणारा, मसाला भाजून वाटलेला. बहुतेक जागा साध्या असतात: स्टीलची ताटं, लाकडी बाकं, भिंतीवर दरपत्रक. इतवारी-महालच्या जुन्या वस्तीत आणि आता शहरभर त्या सापडतात. चवीसाठी जायचं असेल तर इथंच जा. सजावट शोधू नका.

दुसरी, वऱ्हाडी-वैदर्भी जेवण मांडून देणारी मोठी हॉटेलं. विष्णू मनोहर यांचं 'विष्णूजी की रसोई' हे त्यातलं नावाजलेलं. एप्रिल २०१७ मध्ये त्यांनी नागपुरातच ५३ तास सलग स्वयंपाक करून विक्रम केला होता, हे आमच्या गावातही चर्चेत होतं. अशा ठिकाणी बुफे असतो, म्हणजे आपण उठून वाढून घ्यायचं. झुणका, भरीत, वडाभात, पाटवडी हे सगळं आपण घरी करतोच, मग तिथं कशाला जायचं, असं एकीनं विचारलं होतं. जेवून उठताना तीच म्हणाली की आपलं जेवण एवढ्या थाटात मांडलेलं पाहून बरं वाटलं. मलाही वाटलं.

तिसरी, हल्दीराम यांच्यासारखी शाकाहारी, काउंटरवर आधी पैसे भरून टोकन घ्यायची ठिकाणं. पहिल्यांदाच जाणाऱ्या गटाला मी हेच सुचवीन. भाव भिंतीवर लिहिलेले असतात, वेटरची भीती नाही, टीपचा प्रश्न नाही, आणि खर्च खायच्या आधीच कळतो.

चौथी, पंजाबी-चायनीज-तंदुरी मिळणारी 'फॅमिली रेस्टॉरंट'. इथं आपली सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून ऑर्डरबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे. पाटी नीट वाचा. 'बार अँड रेस्टॉरंट' आणि 'फॅमिली रेस्टॉरंट' यांत फरक आहे. फक्त बायांचा गट असेल तर आम्ही 'फॅमिली रेस्टॉरंट'च निवडतो. काही ठिकाणी बार असूनही वेगळा फॅमिली हॉल असतो, तेव्हा आत शिरतानाच विचारून घ्यावं.

घरच्या पुरुष मंडळींसाठी एक ओळ: वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. नागपुरात प्यायलेला माणूस गाडी चालवत परत आला तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि सोबत बाटली आणली तर जिल्ह्याच्या हद्दीवर वेगळा गुन्हा.

आदल्या दिवशी एक फोन

गूगलवर हॉटेलचं नाव टाकलं की नंबर मिळतो. घरातल्या पोराकडून काढून घ्या, पण बोला तुम्ही. हे पाच प्रश्न मी वहीतून वाचूनच विचारते:

सहा जणींसाठी एकत्र टेबल मिळेल का? दुपारी किती वाजेपर्यंत ऑर्डर घेता? थाळी आहे का, आणि तिचा दर कर धरून किती? व्हेज आणि नॉनव्हेज वेगळ्या भांड्यांत करता का? बायांसाठी स्वच्छ बाथरूम आहे का?

शेवटचा प्रश्न विचारायला अनेकींना संकोच वाटतो. सकाळी सातला घर सोडलेल्या बाईसाठी तो पहिला प्रश्न असायला हवा. फोनवरचा माणूस नीट उत्तर देतो की उडवून लावतो, यावरूनही त्या जागेचा स्वभाव कळतो. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी "येऊन बघा ना" असं तुसडं उत्तर मिळालं. आम्ही तिथं गेलो नाही.

जाणं

१७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खासगी गाडी करण्यापेक्षा एसटीच परवडते. पंचाहत्तरी ओलांडलेली आजी सोबत असेल तर तिचा प्रवास फुकट, फक्त वयाचा पुरावा असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा. गणेशपेठच्या मध्यवर्ती बसस्थानकावर उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर परतीच्या शेवटच्या दोन बसेसची वेळ विचारून वहीत लिहा. संध्याकाळी धावपळीत विचारायला गेलं की रांग असते.

शहरात फिरायला मेट्रो सोयीची. दोन मार्ग आहेत, दोन्ही सीताबर्डीला एकमेकांना मिळतात. खापरीकडून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाणारी ऑरेंज, आणि लोकमान्य नगरहून प्रजापती नगरला जाणारी ॲक्वा. धरमपेठेच्या बाजूला जायचं तर शंकर नगर किंवा एलएडी चौक, जुन्या शहरात जायचं तर अग्रसेन चौक किंवा चितार ओळी. पहिल्यांदा सरकत्या जिन्याची भीती वाटत असेल तर लिफ्ट असते. आमच्या चक्कीवाल्या मैत्रिणीनं पहिल्या वर्षी लिफ्टच घेतली, पुढच्या वर्षी तीच आम्हा सगळ्यांना हात धरून जिन्यावर घेऊन गेली.

उपाशी पोटी जाऊ नका. "पैसे देऊन जेवायचं आहे, सकाळी काही खाऊ नका" हा सल्ला चुकीचा आहे. सातपासून एकपर्यंत रिकामं पोट आणि मग तेलाचा रस्सा, याचं पित्त परतीच्या बसमध्ये उसळतं. सकाळी पोहोचल्यावर कस्तूरचंद पार्कच्या बाजूला तर्री पोहे खा. पोह्यांवर काळ्या हरभऱ्याची तर्री, वरून कांदा आणि लिंबू. दोघींत एक प्लेट पुरते. कोणाला शुगर-बीपीची गोळी असेल तर ती घरूनच पर्सच्या वरच्या कप्प्यात ठेवायला सांगा.

टेबलावर

बसल्यावर वेटर पहिलं विचारतो, "बिसलेरी की रेग्युलर?" घाईत तोंडातून "बिसलेरी" निघतं आणि सहा बाटल्या उघडल्या जातात. साधं पाणी मागायला काहीच हरकत नाही. शंका असेल तर घरून बाटल्या भरून न्या किंवा दोन बाटल्या मागवा. बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा हॉटेल जास्त घेऊ शकतं का, यावर आमच्यात वाद झाला होता. घेऊ शकतं. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हॉटेलात बसून घेतलेलं पाणी ही नुसती विक्री नसते, त्यात सेवाही असते. म्हणून भाव आधी विचारा, नंतर भांडून उपयोग नाही.

नागपुरात वेटर बहुतेक हिंदीतून बोलतात. आपण मराठीतून बोलावं, त्यांना समजतं. "दादा, जरा थांबा, आम्ही ठरवतो, पाच मिनिटांनी या," असं सांगितलं की तो जातो. तो समोर उभा असताना ऑर्डर देऊच नका. पहिल्या वर्षीची आमची सगळी चूक त्या पाच मिनिटांत झाली होती.

मेनूकार्ड कसं वाचायचं ते सांगते. पनीर बटर मसाला, पनीर मखनी, शाही पनीर, मलई कोफ्ता: या सगळ्यांचा रस्सा टोमॅटो, काजू आणि क्रीमचा, गोडसर. यातली एकच घ्या. कढाई लिहिलेली भाजी तिखट, कांदा-ढोबळी मिरचीची. पालक असलेली हिरवी. 'ड्राय' म्हणजे कोरडी, 'ग्रेव्ही' म्हणजे रश्शाची. 'स्टार्टर' म्हणजे जेवणाआधीचं खाणं. भूक जास्त असेल तर ते न घेताही चालतं, वेटर कितीही सुचवो. मांसाहारात 'क्वार्टर, हाफ, फुल' लिहिलं असतं तेव्हा तुकडे किती येतात ते विचारा. काही पदार्थांपुढे भावच नसतो, तिथं तर विचारल्याशिवाय हो म्हणूच नका. आणि सांबार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोथिंबीर येते, मेनूकार्डवरचं सांबार मात्र डोशासोबतची डाळ असते.

प्रमाणाचा आमचा ठोकताळा असा: सहा जणींना दोन स्टार्टर, दोन भाज्या (एक गोडसर, एक तिखट), एक डाळ, चौदा रोट्या, दोन भात, दोन पापड. रोट्या एकदम मागवू नका. आधी सहा, मग लागतील तशा. तंदुरी रोटी गार झाली की चामड्यासारखी होते. काही कमी पडलं तर मागवता येतं, उरलेलं परत करता येत नाही.

ऑर्डर दिल्यावर वेटरकडून ती पुन्हा वाचून घ्या. दर वेळी. एकदा आमच्या टेबलावर न मागितलेली एक प्लेट आली, आम्हाला वाटलं जेवणासोबतच येत असेल, आणि ती बिलात लागली. आता कोणतीही प्लेट टेबलावर टेकण्याआधी मी विचारते, "हे आम्ही मागवलं का दादा?"

जेवण झाल्यावर कोमट पाण्याची वाटी येते, त्यात लिंबाची फोड असते. ती हात धुण्यासाठी. आमच्यातल्या एका थोरल्या मैत्रिणीला हे माहीत नव्हतं, तिनं ती वाटी उचलली आणि बाजूच्या टेबलावरचे लोक हसले. तिला त्यानंतर दोन वर्षं यायला लावणं कठीण गेलं. म्हणून नवी मैत्रीण सोबत असेल तर तिला आधीच, गावातच, सहज बोलता बोलता सांगून ठेवा. आणि हातानं जेवा. काटे-चमचे टेबलावर ठेवलेले असतात म्हणून वापरलेच पाहिजेत असं नाही. भाकरी-रस्सा खायला हातासारखं दुसरं काही नाही.

सावजी खायचं असेल तर

आपण तिखट खाणारी माणसं, तरी सावजीचा झणका वेगळा आहे. तो मिरचीइतकाच मिरे, लवंग, मसाला वेलची आणि दगडफुलासारख्या भाजलेल्या मसाल्यांचा असतो, त्यामुळे जिभेपेक्षा घशात आणि पोटात जाणवतो. पहिल्यांदा खाणाऱ्यांनी तर्री वेगळ्या वाटीत मागावी, "कट कमी" असं सांगावं. मटण, चिकन, खूर, खिमा मिळतो. न खाणाऱ्यांसाठी पाटोडीचा रस्सा, डाळकांदा, शेवभाजी असते. सोबत ज्वारीची भाकरी घ्या, तिखट तीच सोसते. बऱ्याच ठिकाणी रस्सा पुन्हा वाढतात, पण वेगळे पैसे लागतात का ते आधी विचारा.

तोंड भाजलं तर पाणी पिऊन उपयोग होत नाही. मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही, तेला-दुधात विरघळतो. ताक किंवा दही घ्या. आम्ही सावजीला जाताना घरून ताकाची बाटली नेत होतो, आता तिथंच मागतो.

ज्यांना पित्त, अल्सर किंवा मूळव्याधीचा त्रास आहे त्यांनी हा बेत टाळावा. मैत्रिणीला "थोडंसं खाऊन पाह्य" असा आग्रह करू नका. परतीचा दोन तासांचा प्रवास तिला करायचा असतो.

बिल

बिल आल्यावर ते हातात घ्या, वाचा, आणि वेळ घ्या. वेटर बाजूला उभा असला तरी. चार गोष्टी पाहायच्या.

एक, मागवलेलेच पदार्थ आणि तेवढेच आकडे आहेत का. रोट्यांचा आकडा आम्ही मोजून ठेवतो.

दोन, जीएसटी. साध्या हॉटेलात तो एकूण ५ टक्के असतो आणि बिलावर दोन ओळींत दिसतो: केंद्राचा २.५ आणि राज्याचा २.५. पुष्कळांना वाटतं दोनदा कर लावला. तसं नाही. १८ टक्के दिसला तर विचारा. तो प्रामुख्यानं जिथं खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांहून जास्त आहे अशा बड्या हॉटेलांतल्या जेवणाला लागतो. काही लहान हॉटेलं कंपोझिशन योजनेत, म्हणजे विक्रीवर ठरावीक कर स्वतःच भरायच्या सोयीत, असतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी घ्यायची परवानगीच नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल आणि तरी कर लावला असेल, तर तो देऊ नका.

तीन, सर्व्हिस चार्ज. पहिल्या वर्षी न कळता भरलेली ती रक्कम हीच होती. हा सरकारचा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सांगितलं की हॉटेलनं तो आपोआप बिलात लावू नये, दुसऱ्या नावानंही लावू नये. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ही भूमिका उचलून धरली. द्यायचा की नाही हे आपल्या मर्जीवर. शांतपणे म्हणायचं, "दादा, हा सर्व्हिस चार्ज काढून बिल द्या." आम्ही एकदा म्हटलं. मॅनेजर आला, त्यानं मान हलवली आणि नवं बिल दिलं. बस, एवढंच. नाही काढला तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तो लावा.

चार, अन्न सुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक. तो बिलावर छापलेला असावा लागतो. अन्नात काही गडबड निघाली, कोणाला त्रास झाला, तर तक्रारीसाठी हाच लागतो. म्हणून बिल फेकू नका.

हिशेब कसा बसतो ते पाहा. समजा दोन स्टार्टर ४८०, दोन भाज्या ५६०, डाळ २००, चौदा रोट्या ४२०, दोन भात ३६०, दोन पापड ८०. बेरीज २,१००. त्यावर ५ टक्के म्हणजे १०५. बिल २,२०५. सहा जणींना प्रत्येकी ३६७ रुपये ५० पैसे. आम्ही डब्यातून प्रत्येकी ४०० बाजूला काढतो, म्हणजे २,४००. उरलेल्या १९५ मधून वेटरच्या हातात शंभर रुपये देतो. दहा टक्के द्यावे असा काही नियम नाही. पण दिवसभर उभं राहून वाढणाऱ्या माणसाचे पाय काय म्हणत असतील, ते आम्हाला कळतं, म्हणून टीप आम्ही चुकवत नाही. ती रोख आणि त्याच्याच हातात.

पैसे एकीनंच भरावेत. यूपीआय चालतं, पण तळघरातल्या हॉलमध्ये नेटवर्क जातं, तेव्हा पूर्ण रक्कम रोख जवळ असू द्या.

उरलेलं आणि परतणं

उरलेलं बांधून मागायला लाजू नका, पैसे आपले आहेत. पण काय बांधायचं ते विचार करून. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांवर सुरक्षित राहत नाही, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच बिघडू लागतं. आपला बसचा प्रवास आणि वाट पाहणं मिळून तीन तास होतात. म्हणून पनीरची भाजी आणि भात तिथंच संपवा, कोरड्या रोट्या, पापड, कोरडं स्टार्टर बांधा. पोरांसाठी काही न्यायचं तर संत्रा बर्फी न्या, ती नागपूरची ओळख आहे आणि प्रवासात टिकते. शहरात कोणा नातेवाइकाकडे डोकावायचं असेल तर त्यांच्यासाठी वर्ध्याहून गोरसपाक, म्हणजे तिथली प्रसिद्ध बिस्किटं, नेता येतो. आमच्या नागपूरच्या नणंदेला दुसरं काही चालत नाही.

शेवटच्या बसच्या आधीची बस पकडा. शेवटची चुकली तर पर्याय उरत नाही, आधीची चुकली तर शेवटची असते. सेलूच्या स्टँडवरून गावापर्यंत अंधारात चालायचं नसेल तर ऑटोवाल्या दादाला सकाळीच सांगून ठेवा, आणि नागपूरहून बस सुटली की फोन करा. बसमध्ये दिवा असेपर्यंत मी वही काढते. काय आवडलं ते प्रत्येकीला विचारते, बिलाचा आकडा लिहिते, बिल त्याच पानाला टाचते. मागच्या वर्षीच्या पानावर आमच्या त्या थोरल्या मैत्रिणीचं म्हणणं लिहिलेलं आहे: "पुढच्या खेपेले मीच सांगतो वेटरले काय आणाचं थे." यंदा मेनूकार्ड तिच्या हातात द्यायचं आहे.